पंपिंग 30 टक्के असताना चालायचं किती?

पत्राचा सारांश: साताऱ्याहून एक वाचक लिहितात. वडील 64 वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. चार महिन्यांपूर्वी मध्यरात्री धाप लागली, फुप्फुसात पाणी झालं म्हणून ॲडमिट करावं लागलं. टू डी इकोमध्ये पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, 30 टक्के. बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी ठेवणारी गोळी), रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी सगळं चालू आहे. गेले दोन महिने वजन स्थिर आहे, पायावर सूज नाही, रात्री झोप लागते. डॉक्टर मागच्या वेळी एवढंच म्हणाले, "थोडं चालत जा." आई मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. न्यू जर्सीतल्या मोठ्या भावाने एक अमेरिकन संशोधन वाचलंय. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे बाबांसारख्या दुबळ्या हृदयाच्या, दोन हजारांवर रुग्णांना व्यायाम करायला लावला तरी मृत्यू कमी झाले नाहीत, मग उगाच धोका कशाला, असं त्याचं म्हणणं. परवा कळलं की बाबा दुपारी सगळे झोपले की गुपचूप देवळापर्यंत जाऊन येतात. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. प्रश्न असे: त्यांना थांबवायचं की जाऊ द्यायचं? जाऊ दिलं तर किती? घरी ट्रेडमिल घ्यावी का? आणि व्यायामाने पंपिंग वाढेल का?

उत्तर:

आधी थेट सांगते. तुम्ही वर्णन केलेल्या स्थितीत, म्हणजे वजन स्थिर, सूज नाही, औषधं बसलेली, बाबांनी चालायलाच हवं. फक्त आज चालतात तसं नाही. भर दुपारी, जेवण झाल्या झाल्या, कुणाला न सांगता आणि कुणी पाहायच्या आत परतायचं म्हणून भरभर, हा या आजारातला सगळ्यात वाईट चालण्याचा प्रकार आहे. तुमच्या बंदीने चालणं थांबलेलं नाही, फक्त त्यातली सुरक्षितता गेली.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. विश्रांतीने हृदय टिकतं. 30 या आकड्यावरून माणसाने किती हालचाल करायची ते ठरतं. आणि मृत्यू कमी झाले नाहीत म्हणजे व्यायामाचा उपयोग नाही. तिन्ही तपासून पाहू.

विश्रांतीचा समज आईंनी स्वतःच्या मनाने काढलेला नाही. 1980 च्या दशकापर्यंत डॉक्टरही हेच सांगत. हृदय दुबळं आहे, त्याच्यावर भार नको, पडून राहा. पण पडून राहण्याची किंमत किती, हे 1966 मध्ये डॅलस इथल्या एका लहानशा प्रयोगाने दाखवलं होतं. विशीतल्या 5 तरुणांना 3 आठवडे पूर्ण बिछान्यात ठेवलं. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे 27 टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा पन्नाशीतही त्यांची क्षमता त्या 3 आठवड्यांनंतरच्या पातळीपेक्षा खाली गेलेली नव्हती. तरणीताठी मुलं होती ती. तुमचे बाबा चार महिने जवळपास बसून आहेत.

हार्ट फेल्युअरमध्ये धाप फक्त हृदयामुळे लागत नाही. मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या कमी होतात, दमदारपणे दीर्घकाळ काम करणारे तंतू घटतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा रोडावते. असा स्नायू थोड्या कामात थकतो आणि मेंदूला 'श्वास वाढव' असा निरोप धाडतो. त्यात शरीर सतत ताणाच्या स्थितीत असतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. व्यायामाचा मुख्य परिणाम इथे होतो, स्नायूंवर आणि रक्तवाहिन्यांवर. 1988 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने आणि 1990 मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू कोट्स यांनी हे दाखवून दिलं. कोट्स यांच्या अभ्यासात अवघे 11 रुग्ण होते. त्यांनी 8 आठवडे घरीच एका जागी उभ्या असलेल्या सायकलवर पाय मारले. त्याच रुग्णांच्या विश्रांतीच्या 8 आठवड्यांशी तुलना केली, तेव्हा व्यायामाच्या काळात दम टिकण्याची क्षमता स्पष्टपणे वाढलेली होती. त्या काळी हे ऐकून बऱ्याच डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या असतील.

आता 30 चा आकडा. इजेक्शन फ्रॅक्शन सांगतं की दर ठोक्याला डाव्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं जातं. निरोगी माणसाचंही 100 नसतं, साधारण 55 ते 70 असतं. म्हणजे 30 हे 'शंभरपैकी तीस मार्क' नव्हेत. आणि या आकड्याचा माणूस किती चालू शकतो याच्याशी संबंध फार सैल आहे. पंपिंग 30 असलेला एक जण दोन जिने चढतो, दुसऱ्याला आंघोळ करतानाच दम लागतो. कारण मघाशी सांगितलेले स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, फुप्फुसं, गुडघे, सगळंच त्यात येतं. औषधाचे आणि हृदयासाठी शरीरात बसवायच्या उपकरणाचे निर्णय घेताना डॉक्टरांना हा आकडा लागतो. बाबांनी देवळापर्यंत जावं की नाही, हे त्यावरून ठरवू नका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. व्यायामाने पंपिंग वाढलं तर थोडंसं वाढतं, पुष्कळांचं तेवढंच राहतं. आकडा वर नेण्याचं काम प्रामुख्याने औषधं करतात. म्हणून तीन महिने चालून पुन्हा इको केला आणि आकडा हलला नाही, तर 'फुकट गेलं' म्हणून चालणं सोडू नका. फरक मोजायचा तो 6 मिनिटांत किती मीटर चाललो यावरून. तो कसा मोजायचा ते पुढे सांगते.

भावाने वाचलेला अभ्यास बहुधा 'एचएफ-ॲक्शन' असावा. एप्रिल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधली 82 केंद्रं, 2331 रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग 35 टक्के किंवा कमी. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि 'हालचाल ठेवा' असा सल्ला. निम्म्यांना त्याशिवाय देखरेखीखाली 36 सत्रं आणि नंतर घरी आठवड्याला 5 दिवस 40 मिनिटं. सुमारे अडीच वर्षांनी पाहिलं तर मृत्यू किंवा कोणत्याही कारणाने ॲडमिट होणं हे व्यायामाच्या गटात 65 टक्क्यांना घडलं, दुसऱ्या गटात 68 टक्क्यांना. नुसते मृत्यू पाहिले तर 16 आणि 17 टक्के. भाऊ म्हणतो ते इथवर बरोबर आहे. हा फरक योगायोगानेही पडू शकतो.

पण त्याने पुढचं वाचलेलं दिसत नाही. रुग्ण मुळात किती आजारी होते याचे जे निकष आधीच ठरवून ठेवले होते, ते हिशेबात घेतल्यावर जोखीम 11 टक्क्यांनी कमी निघाली आणि हा फरक योगायोगाचा असण्याची शक्यता कमी होती. दुसरं, यातले जवळजवळ सगळे रुग्ण चांगल्या औषधांवर होते आणि सुमारे 45 टक्क्यांना उपकरण बसवलेलं होतं. इतके उपचार आधीच चालू असताना त्यावर आणखी काही मिळवणं सोपं नसतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्यायामाच्या गटात सांगितलेली मिनिटं पूर्ण करणारे साधारण 30 टक्केच होते. केंद्रावर यायचे तोवर ठीक चाललं, घरी गेल्यावर गळती सुरू झाली. तेव्हा या अभ्यासाने तपासलं ते 'व्यायाम करा असं सांगण्याचा' परिणाम. केलेल्या व्यायामाचा परिणाम त्यात अर्धवटच दिसतो.

त्याच माहितीचं पुढे, 2012 मध्ये, वेगळं विश्लेषण झालं. ज्यांनी आठवड्याला 3 ते 7 मेट-तास इतका व्यायाम केला, त्यांच्यात पुढची जोखीम 30 टक्क्यांहून अधिक कमी दिसली. मेट हे श्रमाचं माप आहे. स्वस्थ बसलेलं असताना 1, सपाट रस्त्यावर सावकाश चालताना साधारण अडीच. म्हणजे आठवड्याला सव्वा तास ते पावणेतीन तास सावकाश चालणं. एवढंच. अर्थात जास्त चालू शकणारे मुळातच जरा धडधाकट असतात, त्यामुळे तो सगळा फायदा चालण्याच्या खात्यावर टाकता येत नाही. पण लक्ष्य किती छोटं आहे ते बघा.

धोक्याचंही लपवत नाही. व्यायामाच्या वेळी किंवा नंतरच्या 3 तासांत काही झालं म्हणून ॲडमिट झालेले व्यायामाच्या गटात 1159 पैकी 37, दुसऱ्या गटात 1172 पैकी 22. मृत्यू दोन्हीकडे 5-5. अडीच वर्षांत, इतक्या दुबळ्या हृदयांच्या माणसांत. धोका शून्य नाही, पण घाबरून बसावं इतकाही नाही. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल) 44 अभ्यास आणि 5783 रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हाही चित्र असंच दिसलं. वर्षभरात मृत्यूंत स्पष्ट फरक नाही, पण हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं बरंच कमी. ॲम्ब्युलन्समधली ती रात्र तुम्ही पाहिली आहे. ती पुन्हा न येणं हा 'उपयोग नाही' यात मोडतो का, हे भावाला जरूर विचारा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे एकदा जा आणि या वेळी नेमके प्रश्न न्या. 'थोडं चालत जा' यावर समाधान मानू नका. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत तेवढंच सांगितलं जातं, पण विचारलं तर उत्तर मिळतं. पहिला प्रश्न: उरलेल्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का, झडप अरुंद आहे का, ठोक्यांची लय बिघडलेली आहे का? यातलं काही असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग व्यायाम. दुसरा: ट्रेडमिल टेस्ट किंवा निदान 6 मिनिटांची चालण्याची चाचणी करता येईल का? चालताना रक्तदाब वाढण्याऐवजी पडत असेल किंवा ठोके चुकत असतील, तर ते तिथेच कळतं. तिसरा: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शेवटच्या दोन शरीरातलं लोह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्यायच्या का? हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता फार आढळते. फेरिटिन 100 च्या खाली, किंवा 100 ते 299 आणि सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या खाली, असं असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही माणूस थकतो. यात लोहाच्या गोळ्यांनी फारसं काही होत नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं. आपल्याकडे ही तपासणी सर्रास राहून जाते.

चौथा प्रश्न तुमच्या बाबांसाठी खास. हार्ट अटॅकनंतर 40 दिवसांहून अधिक आणि पुरेशी औषधं घेऊन 3 महिने उलटूनही पंपिंग 35 किंवा खाली राहिलं, तर शॉक देणारं उपकरण म्हणजे आयसीडी बसवायचा विचार करतात. पुन्हा इको केव्हा करायचा ते विचारा. उपकरण बसवलंच तर ते किती ठोक्यांना शॉक देण्यासाठी लावलंय तो आकडा लिहून घ्या आणि व्यायामात ठोके त्याच्या 10 ते 20 खालीच राहू द्या. त्या बाजूचा हात पहिले काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही.

मोठ्या शहरांत काही रुग्णालयांत कार्डियाक रिहॅबचं, म्हणजे हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवणारं, केंद्र असतं. जमलं तर पहिली आठ-दहा सत्रं तिथे करणं सगळ्यात चांगलं. नाही जमलं तरी अडून बसू नका. ब्रिटनमध्ये रीच-एचएफ नावाचा कार्यक्रम रुग्णाच्या घरीच, पुस्तिका आणि नर्सच्या मदतीने राबवला आणि रुग्णांचं जगणं सुधारलेलं दिसलं.

आता प्रत्यक्ष चालणं. बीटा ब्लॉकर चालू असताना '220 वजा वय' हे सूत्र विसरा. 64 व्या वर्षी त्याने 156 येतात, त्याचे 70 टक्के म्हणजे 109. बाबांची नाडी गोळीमुळे कदाचित 100 च्या पुढे जाणारही नाही आणि ते आकडा गाठायला धावत सुटतील. मनगटावरच्या घड्याळाचंही हेच. त्याऐवजी दोन खुणा ठेवा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. उलट गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी. आणि श्रमाचा 6 ते 20 असा एक अंदाज असतो, 6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे आता जीव जातो. बाबांनी स्वतः सांगायचं, 11 ते 13 च्या मध्ये असावं.

पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर एका वेळी 5 ते 7 मिनिटं, दिवसातून दोनदा, आठवड्यातले 5 दिवस. हास्यास्पद वाटेल, विशेषतः आयुष्यभर वर्कशॉपमध्ये उभं राहून काम केलेल्या माणसाला. पण शरीर झेपवून घेतंय का, हे याच काळात कळतं. मग दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत एका दमात 20 मिनिटं, दहाव्यापर्यंत 30. क्रम मोडू नका: आधी मिनिटं, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. साताऱ्यात हे कठीण आहे, अर्धे रस्ते चढाचेच. देऊळ चढावर असेल तर पहिले दोन महिने देव घरातून. एकदम इतकंही जमत नसेल तर दोन मिनिटं चालणं, एक मिनिट थांबणं, असे तुकडे करा. तुकड्यांची बेरीजही चालते.

प्रत्येक वेळी आधी 5 ते 10 मिनिटं अगदी रमतगमत, शेवटी पुन्हा तसंच. शेवटचं रमतगमत चालणं लोक टाळतात आणि तिथेच फसतात. चालताना पायांच्या रक्तवाहिन्या फैलावलेल्या असतात, रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्या आणखी सैल झालेल्या असतात. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, डोक्याला कमी पडतं आणि भोवळ येते. घरी आल्या आल्या गरम पाण्याची आंघोळही म्हणूनच नको, वीस मिनिटं जाऊ द्या.

वेळ कोणती? जेवणानंतर दीड-दोन तास सोडून. लघवीची गोळी घेतल्यावर पहिले दोन तास नको, रस्त्यात पंचाईत होते आणि मग माणूस गोळीच चुकवायला लागतो. हिवाळ्यात उन्हं वर आल्यावर, उन्हाळ्यात आठच्या आत. मार्ग असा निवडा की घर कधीच फार लांब पडणार नाही. लांब जाऊन परत येण्यापेक्षा घराभोवती फेऱ्या बऱ्या, दमलं की लगेच आत येता येतं. पहिले तीन आठवडे कुणीतरी सोबत हवं. खिशात फोन, औषधांची यादी, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखालची गोळी. ती उभ्याने घ्यायची नाही, बसून घ्यायची, कारण रक्तदाब पडतो.

चौथ्या आठवड्यापासून आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं 5 ते 8 वेळा, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं 10 वेळा, भिंतीला हात टेकून दंड 8 वेळा, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन कोपरात वाकवणं 10 वेळा. एक फेरी, मग हळूहळू दोन. नियम एकच: जोर लावताना श्वास सोडायचा, कधीही रोखून धरायचा नाही. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब वर-खाली होतो. आईंची पाण्याची बंदी या एका बाबतीत बरोबर आहे. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो, आणि ती उचलताना कोणीही श्वास रोखतोच. तांब्या, भाजीची पिशवी, रिकामी बादली खुशाल उचलू द्या. बद्धकोष्ठ असेल तर त्याचंही औषध मागा, तिथलं कुंथणं हाही तोच प्रकार.

ज्यांच्या घरात 75-80 वर्षांचं माणूस नुकतंच हॉस्पिटलमधून आलं आहे, त्यांनी हा क्रम उलटा करावा. 2021 च्या रिहॅब-एचएफ अभ्यासात 60 वर्षांवरचे 349 रुग्ण होते, अचानक धाप वाढून दाखल झालेले. त्यांना आधी तोल, उठणं-बसणं, ताकद शिकवली आणि मग चालणं. तीन महिन्यांत त्यांची हालचाल स्पष्ट सुधारली, पुन्हा ॲडमिट होण्यात मात्र खात्रीचा फरक दिसला नाही. पाय लटपटणाऱ्या माणसाला एकदम चालायला पाठवलं तर हृदयाआधी खुब्याचं हाड धोक्यात येतं.

योगासनांबद्दल बरेच वाचक विचारतात. भारतात 24 रुग्णालयांत हार्ट अटॅकनंतरच्या 3959 जणांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला. लोकांना बरं वाटलं, ते पूर्वीच्या कामांकडे जास्त परतले, पण मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येण्यात फरक सिद्ध झाला नाही. आणि तो हार्ट फेल्युअरचा अभ्यास नव्हता. सावकाश श्वसन, स्नायू ताणणारी साधी आसनं चालतील. कुंभक (श्वास रोखून धरणं), भस्त्रिका, जोरकस कपालभाती, शीर्षासन आणि सर्वांगासन सध्या नको. आणि प्राणायाम चालण्याच्या जागी नाही, चालण्याशिवाय वेगळा.

ट्रेडमिल घेऊ नका. बाबांना गुळगुळीत पट्टा सरकवायचा नाहीये, बाहेर जायचंय, चार माणसं भेटायला हवी आहेत. शिवाय एकट्याने पट्ट्यावर भोवळ आली तर पडणं वाईट. घरात काही घ्यायचंच असेल तर जागेवरची सायकल घ्या, पाठीला टेका असलेली. पावसाळ्यात तीच कामी येईल, गुडघ्यांनाही बरी.

रोज सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि लिहा. 3 दिवसांत 2 किलोहून अधिक वाढलं तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. ती चरबी नसते, पाणी असतं. उशा वाढवून झोपावं लागणं, पायावर सूज, बसल्या जागी नाडी 100 च्या वर राहणं, यांनाही तोच नियम. ताप, जुलाब, उलट्या असतील त्या दिवशी सुट्टी. जुलाबांत लघवीची गोळी किंवा डापाग्लिफ्लोझिनसारखं (लघवीतून साखर आणि पाणी बाहेर टाकणारं) औषध चालू असेल तर शरीर फार सुकतं, डोस काय करायचा ते त्याच दिवशी विचारा, मनाने ठरवू नका. चालताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ठोके अनियमित धडधडायला लागले तर तिथेच बसायचं. काही मिनिटांत थांबलं नाही तर 108. आणि आज चालून उद्या दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं, तर कालचं जास्त झालं. पुढच्या वेळी एक पायरी मागे, बंद नव्हे.

आता घरातल्या भांडणाबद्दल. तुमच्या पत्रात आईंचं मत आहे, भावाचं आहे, तुमचं आहे. बाबांना काय वाटतं ते मात्र त्यांच्या गुपचूप जाण्यावरूनच कळतं. त्यांना समोर बसवून विचारा की देवळात कोण भेटतं, कशासाठी जायचं असतं. या आजारात मन खचणं फार आढळतं. एचएफ-ॲक्शनमध्येच व्यायामाने नैराश्याच्या लक्षणांत थोडी घट दिसली होती. मग त्यांनाच आठवड्याची मिनिटं ठरवू द्या, वर दिलेल्या मर्यादेत. वर्कशॉपच्या माणसाला लॉगबुक नवीन नसतं. एका वहीत तारीख, वजन, मिनिटं, श्रमाचा आकडा, एवढे चार रकाने.

आईंना सोबत पाठवा. त्यांची भीती चर्चेने जाणार नाही, पण बाबा बोलत बोलत पंधरा मिनिटं चालून आले आणि घरी येऊन पोहे मागितले, असं आठ दिवस दिसलं की कमी होईल. भावाला आकडे आवडतात, तर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आठवड्याची एकूण मिनिटं विचारण्याचं काम त्याचं. अभ्यासात गळती झाली ती पुढच्या काळात, देखरेख संपल्यावर. तेव्हा तिसऱ्या महिन्यानंतर हा कॉल चुकू द्यायचा नाही.

6 मिनिटांची मोजणी घरी अशी करा. सपाट जागेत टेपने 30 मीटर मोजून दोन टोकांना खूण करा, सोसायटीचं पार्किंग किंवा शाळेचं पटांगण चालेल. 6 मिनिटं त्यांच्या चालीने, हवं तेव्हा थांबायची मुभा, किती फेऱ्या झाल्या ते मोजा. पहिली मोजणी डॉक्टरांच्या होकारानंतर, सुरुवात करताना. मग दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी, त्याच चपला-बुटांत. साधारण 30 मीटरची वाढ म्हणजे खरी सुधारणा. उलट दोन महिने वाढत जाऊन एकदम 30-40 मीटर कमी झाले आणि सर्दी-ताप असं कारणही नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कधी कधी सूज दिसायच्या आधी हा आकडा बोलतो.